सिंगापूरला गेलेले बॉट सर

शाळेतले किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. फळ्याच्या कडेला खडूची पूड साचते ना, तसे. मधल्या सुट्टीत कुणीतरी "अहो, ते परवाचं सांगा की" म्हणतं, एकातून दुसरं निघत जातं, चहा गार होतो आणि पुढचा तास दहा मिनिटं उशिरा सुरू होतो. गेल्या दोन हंगामांत आमच्याकडे जे किस्से साचले, ते जवळजवळ सगळे एकाच इसमाचे आहेत, आणि तो इसम माणूस नाही. तो बॉट आहे. म्हणजे मोबाईलवर चॅटमध्ये मेसेज टाकला की आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम. तो मी बनवला, असं मी पूर्वी छाती काढून सांगायचो. हल्ली जरा जपून सांगतो.

आमची शाळा पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या कडेला. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी पार कर्नाटकात. पोरांची शाळा बुडू नये म्हणून तेवढे महिने शाळेतच वसतिगृह चालतं. त्या वर्षी बेचाळीस मुलं होती. स्टाफ म्हणाल तर मुख्याध्यापक गर्जे सर, भाषा शिकवणाऱ्या साळवे बाई, गणित-विज्ञानाला मी, आणि स्वयंपाकाला पारूमावशी. हा क्रम कागदावरचा. प्रत्यक्षात सगळ्यांत वर पारूमावशी.

संध्याकाळी सहाला मुलांची पंगत बसायची आणि नेमके तेव्हाच बेचाळीस घरचे फोन गर्जे सरांच्या एका मोबाईलवर सुरू व्हायचे. प्रश्न एकच, पोरगं जेवलं का. सर फोन कानाला लावून पंगतीतून फिरत राहायचे, "जेवतोय, जेवतोय, भाजी घेतली, हो, दुसऱ्यांदा घेतली" असं सांगत. त्यांचं स्वतःचं ताट पूर्ण हंगाम गार.

त्यातल्या एका फोनची सरांना धास्ती होती. मुक्ताबाई. तिची कोमल सहावीत, वर्गातली सगळ्यांत तल्लख पोर. वसतिगृहात ठेवतानाच मुक्ताबाईनं अट घातली होती.

"रोज खबर लागली तर ठिवते. एक दिस जरी चुकला, तर येऊन घिऊन जाईन."

ही धमकी नव्हती, ती तसं करणारच होती. आणि सहावीतली मुलगी एकदा ऊसतोडीच्या टोळीवर गेली की ती परत बाकावर दिसत नाही, हे मी अकरा वर्षांत इतक्या वेळा बघितलंय की मोजायचं सोडून दिलं. आधी धाकटी भावंडं सांभाळते, मग मोळ्या बांधते, मग लग्नाची पत्रिका येते. कोमलचं तसं होऊ नये, एवढंच आम्हा सगळ्यांना हवं होतं.

म्हणून बॉट. रचना साधी. पंगत उठली की सहावी-सातवीची मुलं आठवड्याच्या पाळीनं शाळेचा टॅब घेऊन एक ऑनलाइन तक्ता भरतात. नाव, इयत्ता, पालकाचा मोबाईल, हजर का, जेवण झालं का, शेरा. पालकानं चॅटवर मुलाचं नाव टाकलं की बॉट तक्ता बघतो आणि शेऱ्यासकट उत्तर देतो. व्हिडिओ बघून बघून मी हे दोन महिन्यांत उभं केलं. गर्जे सरांनी एकच विचारलं, हे बंद पडलं तर मुक्ताबाईला तोंड कोण देणार. मी म्हटलं, मी देईन. माणूस उत्साहात काहीही बोलतो.

* * *

सुरुवातीला बॉट माझ्या लॅपटॉपवरच चालायचा. लॅपटॉप ऑफिसातल्या कपाटावर, चार्जर लावून, उघडा. कुणी हात लावायचा नाही, हे मी तीनदा बजावलं होतं.

तरी रोज दुपारी चारच्या सुमारास बॉट मरायचा. वीज असायची, नेट असायचं, आणि बॉट गप्प. तीन दिवस मी प्रोग्रॅममधली चूक शोधली. एक ओळ बदल, दुसरी बदल. चौथ्या दिवशी वैतागून ऑफिसात दाराआड खुर्ची टाकून बसलो, चोर पकडायला बसतात तसा.

चार वाजले. पारूमावशी भांडी घासून, पदराला हात पुसत आत आल्या. कपाटापाशी गेल्या, लॅपटॉपचं झाकण अगदी अलगद लावलं आणि निघाल्या.

"मावशी, अहो काय करताय!" मी ओरडलोच.

त्या जराही दचकल्या नाहीत. "उघडं भांडं म्या ठिवत न्हाई. वरून पाल पडली मंग?"

सतरा वर्षं त्या शाळेत शिजवताहेत. त्यांच्या हातचं खाऊन एक पोर आजारी पडलेलं नाही. या रेकॉर्डपुढं मी काय बोलणार? बॉट पारूमावशींच्या हद्दीबाहेर हलवायचा, एवढं मात्र त्या दिवशी पक्कं केलं. गावात तशी जागा नव्हती, तालुक्यातही नव्हती. मग क्लाऊडचा विचार सुरू झाला.

* * *

क्लाऊड होस्टिंग म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी कायम चालू असलेल्या कॉम्प्युटरवर आपला प्रोग्रॅम नेऊन ठेवायचा. लहान कामाला फुकट जागा देणारी एक कंपनी सापडली. अडचण अशी की शाळेतल्या नेटवर मेसेज जातो, पण मोठी फाईल चढत नाही. चांगली रेंज गावात एकाच ठिकाणी, पाण्याच्या टाकीवर. तर मी लॅपटॉप घेऊन टाकीवर, आणि ऊन लागू नये म्हणून साळवे बाई छत्री धरून शेजारी.

बटण दाबलं. तिकडे आपोआप ओळी सरकायला लागल्या आणि शेवटी लाल अक्षरं. म्हणजे नापास. काहीतरी बदललं, पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. असं नऊ वेळा झालं. माझा चेहरा बघून बाई म्हणाल्या, "सर, मी वाचू का जरा?"

बाईंना प्रोग्रॅमिंगचा गंध नाही. पण त्या रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचतात आणि आठवडाभर उत्तरपत्रिका वाचतात, त्यामुळे कुठलाही मजकूर त्या पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून वाचतात. वाचता वाचता बोट मध्येच थांबलं.

"तुम्ही सारखी शेवटची लाल ओळच वाचताय. चूक वर आहे. इथं म्हणतंय की अमुक एक वस्तू सापडली नाही. पुढचं सगळं रडगाणं त्याच्यामुळे."

बरोबर होतं! माझ्या लॅपटॉपवर लागणारी सगळी पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचं तयार सामान, मी कधीच टाकून ठेवली होती. तिकडचा कॉम्प्युटर कोरा. त्याला सामानाची यादी पाठवायची असते आणि ती मी पाठवलीच नव्हती. यादी टाकली, बटण दाबलं, आणि अक्षरं हिरवी झाली. आम्ही दोघांनी टाकीवर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पाच मिनिटांत खाली बायका हंडे घेऊन जमल्या. टाकीवर दोन माणसं टाळ्या वाजवताहेत म्हणजे पाणी सुटलं, असा त्यांचा समज झाला. त्यांना समजावून परत पाठवायला बॉट चढवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

संध्याकाळी हे सगळं पारूमावशींना सांगितलं. कोरा कॉम्प्युटर, सामानाची यादी वगैरे. त्यांनी भाकरी थापता थापता माझ्याकडं असं बघितलं की मी पहिलीत जाऊन बसलो. "परक्या घरी सैपाकाला जायचं तर तिखटमीठ हाय का, ते आधी इचारतेत का न्हाई सर?"

दोन महिने मी व्हिडिओ बघत होतो. त्यातल्या एकानंही हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

* * *

दुसऱ्या दिवशी गर्जे सरांनी विचारलं, बॉट आता नेमका कुठं आहे? मी सांगितलं, सिंगापूरला. आम्हाला मिळालेला कॉम्प्युटर तिकडचा होता.

सर नियमाचे पक्के. शाळेच्या कामानं जो कुणी बाहेर जातो त्याची नोंद हालचाल रजिस्टरमध्ये झालीच पाहिजे. त्यांनी रजिस्टर ओढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. नाव, बॉट. कोठे, सिंगापूर. कारण, शालेय कामकाज. जाण्याची वेळ, दुपारी १२.४०. परत येण्याची वेळ, कोरी. मी हसलो तर म्हणाले, उद्या तपासणी झाली आणि विचारलं तर?

आणि तपासणी झालीच. पुढच्याच आठवड्यात शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी आले. रजिस्टर चाळता चाळता थबकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सिंगापूरला कोण गेलंय?"

मी खुलासा करायला घाईनं पुढं झालो. गर्जे सर मात्र शांतपणे म्हणाले, "साहेब, आपण स्वतःच बोलून बघा."

साहेबांनी स्वतःच्या मोबाईलवरून एका मुलाचं नाव टाकलं. दोन सेकंदांत उत्तर आलं. गणेश, इयत्ता चौथी, हजर, काल रात्रीचं जेवण झालं, शेरा, वांगी खात नाही. साहेबांनी विचारलं, हा मेसेज सिंगापूरला जाऊन आला? मी म्हटलं, हो, समुद्र ओलांडून. त्यांनी गणेशला वर्गातून बोलावलं आणि खात्री करून घेतली. तो खरंच वांगी खात नव्हता.

साहेबांनी मोबाईल खिशात ठेवला. मग पेन काढलं, रजिस्टरमध्ये परत येण्याच्या वेळेपुढं स्वतः वेळ घातली आणि सही केली.

"गर्जे सर, आपल्या तालुक्यात असा हा पहिलाच. बाकीचे पाथर्डीला गेले तरी दिवसभर परत येत नाहीत!"

* * *

फुकटच्या जागेची एक खोड असते. पंधरा मिनिटं कुणी मेसेज केला नाही की बॉट झोपी जातो. पुढचा मेसेज आला की जागा होतो, पण डोळे चोळायला त्याला एक मिनिट लागतं. हे मला नंतर कळलं आणि माझी पाचावर धारण बसली. एक मिनिट उत्तर नाही म्हणजे पालक म्हणणार, बंद पडलं. आणि मुक्ताबाई म्हणणार, येते.

यावर उपाय काय, हे मी शोधायला लागलो. मोठमोठ्या तज्ज्ञांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. ती मी वाचत बसलो आणि एकीकडं तक्रारींची वाट बघत बसलो. आठवडा गेला. एक तक्रार नाही.

मला कळेना. शेवटी कुणी किती वाजता काय लिहिलं, हे एकेक करून वाचलं. वाचता वाचता मी खुर्चीत सरळ बसलो.

एकाही पालकानं पहिल्याच मेसेजमध्ये मुलाचं नाव टाकलेलं नव्हतं. पहिला मेसेज, "राम राम सर." मग थांबणं. समोरून राम राम येईपर्यंत कुणी कामाचं बोलायचंच नाही. त्या राम रामनं बॉट जागा व्हायचा, मिनिटभरानं मी घालून ठेवलेला राम राम तोही म्हणायचा, मग इकडून "बरं हाय का?" आणि मग कुठं "आमचा गणेश." तोवर बॉट टक्क जागा. मुक्ताबाईसुद्धा राम राम घालायची. फक्त त्याच्यापुढं "सर" नसायचं.

तज्ज्ञांची ती पानं मी वाचली होती. पालकांनी नव्हती वाचली. त्यांना गरजच नव्हती. माणसाशी बोलायची जी रीत त्यांना घरातून मिळाली होती, ती त्यांनी मशीनलाही लावली आणि मशीन त्यात बरोबर बसलं. मी उपाय शोधणं त्याच दिवशी बंद केलं.

* * *

आता जो रोज राम राम घालतो, कितीही वाजता विचारा उत्तर देतो, तो शाळेतच मुक्कामाला असणार, असा पालकांचा अंदाज. शिवाय तो कधी चिडत नाही. एका आजोबांनी बॉटलाच विचारलं होतं, "नवे सर कोन्या गावचे?" बॉटचं ठरलेलं उत्तर, "माहिती उपलब्ध नाही." आजोबांना ते फार आवडलं. म्हणाले, सरांना मोठेपणा न्हाई.

संक्रांतीच्या आधी एक ट्रकवाला शाळेच्या फाटकाशी थांबला आणि गुळाची ढेप उतरवून गेला. कोल्हापूरकडच्या टोळीनं पाठवलेली. वर कागद चिकटवलेला, "बॉट सर यांस, सर्व पालकांकडून."

अकरा वर्षं मी त्या शाळेत आहे. घसा फोडून त्रैराशिक शिकवतोय. मला आजवर कुणी गुळाचा खडा पाठवलेला नाही. हे मी बोलून दाखवलं तर साळवे बाई म्हणाल्या, तुम्ही चिडता.

ढेप पारूमावशींनी बत्त्यानं फोडली. तीन दिवस मुलांना भाकरीबरोबर गूळ. त्यातला एक मोठा खडा मावशींनी वाटीत घालून, झाकण ठेवून, ऑफिसातल्या कपाटावर ठेवला, पूर्वी जिथं लॅपटॉप असायचा तिथं. मी विचारलं, हा कुणाचा? म्हणाल्या, "त्येंचा."

* * *

इथवर सगळं नीट चाललं होतं, म्हणून मला हाव सुटली. पालकांनी विचारायचं तरी कशाला? बॉटनंच रोज सात वाजता प्रत्येकाला खबर पाठवावी. जेवणाचा रकाना भरलेला असेल तर "जेवण झालं", आणि रिकामा असेल तर "जेवणाची नोंद नाही. कृपया कळवावे." आता तीनशे किलोमीटरवरचा बाप काय कळवणार? पण परिपत्रकं वाचून वाचून आमची भाषाच तशी झालीय. पालकानं उत्तर दिलंच तर ते तक्त्यात त्याच ओळीच्या शेवटी जमा होईल, अशीही सोय केली. टाकीवर गेलो, चढवून आलो.

झोपलेल्या बॉटला जागं करायला सातचा गजर घातला होता. पण सात कुणाचे, हे बघायचं राहिलं. तिथलं घड्याळ सिंगापूरचं! त्यांचे सात वाजतात तेव्हा आपले साडेचार.

साडेचारला पंगतच नसते, तर रकाना भरलेला कुठून असणार? बेचाळीस घरी एकाच क्षणी मेसेज गेला की आपल्या पाल्याच्या जेवणाची नोंद नाही, कृपया कळवावे. माणसं उसाच्या फडात होती. कुणी कोयता टाकून बांधावर पळालं, कुणी मुकादमाचा फोन हिसकावला. इकडं गर्जे सरांचा मोबाईल वाजायला लागला तो थांबेना. पोरं उपाशी आहेत का, शाळेला काय झालंय, कुणी रडतंय, कुणी शिव्या देतंय. सर प्रत्येकाला पोराचा आवाज ऐकवत होते. मुलांची रांगच लावली होती ऑफिसबाहेर.

मुक्ताबाईचा फोन माझ्या हातात देण्यात आला. तोंड मी देणार होतो ना. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मास्तर, परवा येते न्यायाला."

मी घड्याळाचं सांगायला लागलो. सिंगापूर, अडीच तास, माझी चूक.

"मला शिंगापूरचं सांगू नका," म्हणाली आणि फोन ठेवला. कोमलशी बोलली नाही.

त्या आठवड्यात तक्ता भरायची पाळी कोमलची होती. ती टॅब छातीशी धरून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं रडेल. रडली नाही, वळून पंगतीची ताटं मांडायला गेली.

घड्याळ मी त्याच संध्याकाळी सातच्या आत दुरुस्त केलं. मग आम्ही परवाची वाट बघत बसलो. गर्जे सरांनी मुक्ताबाईशी काय बोलायचं ते कागदावर उतरवून काढलं. साळवे बाईंनी कोमलच्या सगळ्या वह्या टेबलावर मांडून ठेवल्या, आईला दाखवायला. पारूमावशींनी पुरणाचं घातलं, त्यांच्या मते उपाशी माणसाशी बोलून उपयोग नसतो.

मुक्ताबाई आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाला, दोन झाले. फोनही नाही.

मी काय समजायचं ते समजलो. मेसेज रोज ठोक सात वाजता जायला लागला, तिचा विश्वास बसला. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत मी यावर वीस मिनिटं बोललो. अचूक वेळ, क्लाऊड, तंत्रज्ञानानं गळती थांबते, वगैरे. टाळ्या पडल्या. घरी येताना मी गाडीवर गाणं म्हणत आलो, हे खरं आहे ते सांगतो.

* * *

महिनाअखेर आली. वसतिगृहाचा अहवाल पाठवायचा होता. बॉटला एकूण मुलं विचारली. उत्तर आलं, त्रेचाळीस.

मुलं बेचाळीस. मी पुन्हा विचारलं. त्रेचाळीस.

झालं, पुन्हा प्रोग्रॅममध्ये चूक. दोन दिवस मी तीच शोधत होतो. तीनदा टाकीवर जाऊन नव्यानं चढवून आलो. गर्जे सरांनी तिकडं मुलांना रांगेत उभं करून खांद्याला हात लावून मोजलं. बेचाळीस. साळवे बाईंनी पुन्हा मोजलं. बेचाळीस. मला धसका बसला तो वेगळाच. बॉट मोजण्यात चुकत असेल तर जेवणातही चुकत असेल, आणि हे मुक्ताबाईला कळलं तर ती या खेपेला फोनसुद्धा करणार नाही, थेट येईल.

शेवटी साळवे बाईंनी विचारलं, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचलाय का? नव्हता वाचला. मी फक्त बेरजा बघायचो. त्या संध्याकाळी पंगत उठल्यावर आम्ही तिघं ऑफिसात बसलो आणि बाई बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागल्या. बेचाळीस नावं झाली. खाली बऱ्याच रिकाम्या ओळी. आणि त्यांच्याही खाली, एकटी, आणखी एक ओळ.

नाव, मुक्ताबाई अंकुश बडे. इयत्ता, पाचवी. हजर, हो. पालकाचा मोबाईल, मुक्ताबाईचाच. जेवणाचा रकाना रिकामा ठेवलेला. ओळ घातल्याची तारीख, साडेचारच्या त्या गोंधळाचीच.

रकाना रिकामा असला की सातला बॉट काय करतो, हे मीच त्याला शिकवलं होतं. त्याच दिवसापासून रोज संध्याकाळी उसाच्या फडावर मुक्ताबाईच्या मोबाईलवर मेसेज जात होता की मुक्ताबाई, इयत्ता पाचवी, यांच्या जेवणाची नोंद नाही, कृपया कळवावे. आणि खाली शेरा.

ओळीच्या शेवटी तिची उत्तरं जमा झाली होती. बाईंनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

पहिल्या दिवसाचं उत्तर, "ह्ये कोन इचारतंय."

त्यावर दुसऱ्या दिवशीचा शेरा, "मी कोमल. मी जेवले होते, सरांचं घड्याळ चुकलं. तू जेवतेस का ते रोज कळवावे. न्यायला येऊ नये."

उत्तर, "बरं. न्हाई येत. जेवले."

पुढं, "आज न्हाई. गाडी भरायची हाय." शेरा, "जेवणात अनियमितता. सुधारणा आवश्यक."

"अर्धी भाकर खाल्ली." शेरा, "प्रयत्न चांगला. अजून वाव आहे."

हे शेरे माझे होते. प्रगतिपुस्तकात मी अकरा वर्षं हेच लिहीत आलोय, बहुतेक वेळा मुलाचं तोंडही न बघता. ते असे कुणाच्या कामी येतील हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शिक्षण परिषदेतली माझी वीस मिनिटं मला आठवली आणि कानशिलं तापली. मुक्ताबाई का आली नाही, आणि पाळी संपल्यावरही कोमल रोज टॅब का मागून घ्यायची, हे आत्ता मला कळत होतं.

 बाईंनी वाचणं थांबवून टॅब माझ्याकडं दिला. मी म्हटलं, पण पाचवी का?

गर्जे सर उठले, कपाट उघडलं, दाखल मुलांच्या नोंदीचं जुनं जनरल रजिस्टर काढलं आणि थुंकी लावून पानं उलटायला लागले. मुक्ताचं माहेरही याच गावातलं. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. मुक्ता, चौथी उत्तीर्ण. त्यापुढचे सगळे रकाने कोरे.

अहवाल तसाच पडला होता. बेचाळीस की त्रेचाळीस, काहीतरी लिहायला हवं होतं. मी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सरांना विचारलं, ही काढून टाकू का?

सरांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. "हिचा शाळा सोडल्याचा दाखला अजून कुणी नेलेला नाही. नाव कमी करता येणार नाही."

तेवढ्यात सात वाजले. मेसेज गेला असणार. आम्ही कुणीच उठलो नाही. तीन-चार मिनिटांनी त्या ओळीच्या शेवटी नवी अक्षरं उमटली.

"दोन भाकरी खाल्ल्या बाई. उद्यापासून नियमित जेवीन."